जिवंत माशाचे मोल : टार्पन मासेमारी सहली, डास आणि किनारी बांध

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला ‘फ्लोरिडा कीज’ या नावाने ओळखली जाणारी लहान बेटांची माळ आहे. या बेटांभोवतीचा समुद्र मैलोन् मैल उथळ असून अनेक ठिकाणी त्याची खोली माणसाच्या कमरेइतकीही नसते. तळाशी सागरी गवताची कुरणे आणि पांढरी वाळू, काठाला कांदळवन आणि वर नितळ पाणी असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. दरवर्षी मार्च-एप्रिलपासून जून-जुलैपर्यंत टार्पन हा मोठा रुपेरी मासा थव्याथव्यांनी या पाण्यात येतो आणि त्याच्यामागोमाग देशोदेशींचे हौशी मासेमारही येतात. स्थानिक मार्गदर्शकाची होडी ठरवून हा मासा गळावर घ्यावयाचा, त्याच्याशी झुंज द्यावयाची आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यावयाचे, असे या सहलींचे स्वरूप असते.

मासा बाजारात जात नाही, ताटातही येत नाही. तरीही त्याच्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. हा व्यवसाय वरवर शेतीपासून दूरचा वाटतो. परंतु टार्पनचे बालपण किनाऱ्यामागील डासांच्या दलदलीत जाते आणि त्याच्या प्रौढपणीच्या कुरणांवर वरच्या भागातील शेतांतून येणाऱ्या पाण्याचा परिणाम होतो. डास नियंत्रण, किनारी बांध आणि शेतीतील निचरा हे तिन्ही विषय या एका माशाच्या जीवनक्रमात एकत्र येतात. त्यामुळे आपल्या खारभूमीत काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना आणि शेतकऱ्यांना हे उदाहरण उपयुक्त ठरावे.

माशाची ओळख

अटलांटिक टार्पनचे शास्त्रीय नाव मेगॅलॉप्स अटलांटिकस असे आहे. पूर्ण वाढलेला मासा दोन मीटरपर्यंत लांब होतो आणि त्याचे वजन शंभर किलोग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. गळाने पकडलेल्या टार्पनचा आंतरराष्ट्रीय विक्रम २००३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे नोंदविला गेला. त्या माशाचे वजन सुमारे १३० किलोग्रॅम होते. मोठे चमकदार खवले, वर वळलेला जबडा आणि गळ लागताच पाण्याबाहेर घेतलेल्या उंच उड्या यांमुळे मासेमारांनी त्याला ‘रुपेरी राजा’ असे नाव दिले आहे.

शेतीच्या भाषेत सांगावयाचे तर हे अत्यंत सावकाश येणारे पीक आहे. टार्पन वयात येण्यास साधारणतः सात ते बारा वर्षे लागतात आणि त्याचे आयुष्य पन्नास वर्षांपेक्षाही अधिक असू शकते. एक मोठी मादी लक्षावधी अंडी घालते. तथापि त्यांतून प्रौढावस्थेपर्यंत पोहोचणारे मासे फारच थोडे असतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली आहे. अशा माशाची एक पिढी गमावली, तर तिची भरपाई होण्यास दशक लागते.

त्याच्या शरीररचनेतील एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. टार्पनचा वाताशय अन्ननलिकेशी जोडलेला असून तो फुप्फुसासारखे कार्य करतो. मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि पुन्हा खाली जातो. त्यामुळे प्राणवायू अत्यल्प असलेल्या, कुबट वास येणाऱ्या साचलेल्या पाण्यातही तो तग धरतो. मार्गदर्शक दुरून मासे ओळखतात तेही हवा घेण्यासाठी उलटणाऱ्या याच रुपेरी पाठींवरून.

सहल कशी चालते

उथळ पाण्यातील सहलीसाठी साधारण १६ ते १८ फूट लांबीची, सपाट तळाची हलकी होडी वापरतात. ती अर्ध्या-पाऊण हात पाण्यातही तरंगते. ठरलेल्या जागेजवळ येताच इंजिन बंद केले जाते, कारण त्याच्या आवाजाने मासे बिथरतात आणि पंख्याने सागरी गवताची मुळे उखडली जातात. त्यानंतर मार्गदर्शक होडीच्या मागच्या बाजूस, इंजिनावर बसविलेल्या उंच चौथऱ्यावर उभा राहतो आणि सुमारे २० फूट लांबीच्या काठीने होडी रेटत नेतो. पाहुणा पुढच्या टोकावर गळ घेऊन सज्ज असतो.

उंचीवरून पाहणाऱ्या मार्गदर्शकाला मासे आधी दिसतात. पाण्यावरील चकाकी छाटणारा चष्मा, सूर्याची दिशा, भरती-ओहोटीची वेळ आणि तळाचा रंग यांच्या आधारे तो माशांच्या सावल्या टिपतो. दिशा सांगण्यासाठी घड्याळाची भाषा वापरली जाते. होडीचे टोक म्हणजे बारा. ‘अकरा वाजता, साठ फुटांवर’ एवढे ऐकताच पाहुण्याने त्या ठिकाणी आमिष टाकावयाचे असते. मासा उडी मारतो तेव्हा गळाची काठी खाली झुकवून दोर सैल सोडावा लागतो, अन्यथा तो तुटतो. मासेमार याला ‘राजाला मुजरा’ म्हणतात.

या मासेमारीत वापरल्या जाणाऱ्या पिसांच्या कृत्रिम आमिषाला इंग्रजीत ‘फ्लाय’, म्हणजे माशी, असे म्हणतात. नदीतील ट्राउटसाठी ही आमिषे खरोखरच कीटकांच्या रूपात बांधली जातात. टार्पनसाठी मात्र ती कोळंबी, खेकडे, लहान मासे किंवा समुद्री कृमी यांच्यासारखी दिसतात. मे-जूनमध्ये, प्रामुख्याने पौर्णिमेच्या आसपास, बहिया होंडा परिसरात संध्याकाळच्या ओहोटीला पॅलोलो नावाचे तांबूस कृमी प्रजननासाठी प्रवाळ-खडकांतून बाहेर पडतात आणि टार्पनचे थवे त्यांच्यावर तुटून पडतात. हा काळ अचूक सांगता येणे हे जाणत्या मार्गदर्शकाचे भांडवल समजले जाते.

मार्गदर्शकाचे काम परवानाधीन आहे. पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना लागतो. सहा प्रवाशांपर्यंतच्या प्राथमिक परवान्यासाठीही किमान ३६० दिवसांचा नौकानयनाचा अनुभव दाखवावा लागतो. राज्याचा मासेमारी सहलींचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. एका दिवसाच्या सहलीसाठी पाहुणे शेकडो डॉलर मोजतात. शिवाय निवास, भोजन, इंधन, साहित्य आणि होडीदुरुस्ती यांवरील खर्च त्याच गावांत राहतो.

पकडा आणि सोडा

पूर्वी टार्पन मारून धक्क्यावर टांगणे आणि त्याच्यासोबत छायाचित्र काढणे ही प्रतिष्ठेची बाब होती. १९८९ मध्ये फ्लोरिडाने टार्पन ठेवून घेण्यासाठी ५० डॉलरचा शिक्का बंधनकारक केला आणि त्यामुळे मासे मारण्याचे प्रमाण एकदम घटले. २०१३ पासून हा मासा केवळ ‘पकडा आणि सोडा’ या तत्त्वावर पकडता येतो. विक्रमाच्या नोंदीसाठी शिक्का घेतलेल्यांपुरताच अपवाद ठेवण्यात आला आहे. ४० इंचांपेक्षा लांब टार्पन पाण्याबाहेर उचलण्यासही मनाई आहे, कारण त्याच्या जड शरीराला पाण्याचा आधार सुटला की आतील अवयवांना इजा होते.

तथापि सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. टँपा बे आणि बोका ग्रँड येथे सोडलेल्या टार्पनवर संदेश-प्रक्षेपक बसवून केलेल्या अभ्यासात सुमारे १३ टक्के मासे दगावल्याचे आढळले. दमलेल्या माशावर होणारा शार्कचा हल्ला हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होते. म्हणूनच जाणते मार्गदर्शक भक्कम दोर आणि गोलाकार गळ वापरतात, झुंज लांबू देत नाहीत आणि शार्क दिसल्यास दोर तोडून मासा मोकळा करतात. पाहुण्याच्या आनंदापेक्षा माशाचे प्राण महत्त्वाचे मानण्यामागे रोख व्यवहारही आहे. बाजारात मासा एकदाच विकला जातो. सोडलेला मासा पुढील हंगामात, दुसऱ्या पाहुण्यासाठी, पुन्हा येऊ शकतो.

संशोधनातही या मार्गदर्शकांचा मोठा वाटा आहे. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने त्यांना आणि हौशी मासेमारांना लहान संच दिले होते. माशाच्या जबड्यावर खरखरीत स्पंज घासावयाचा आणि तो कुपीत घालून प्रयोगशाळेत पाठवावयाचा, इतकीच कृती. त्या पेशींतील डीएनएवरून तोच मासा पुन्हा पकडला गेला का, हे कळत असे.

बालपण दलदलीत

टार्पनची वीण खुल्या समुद्रात, किनाऱ्यापासून दूर होते. अंड्यातून निघालेला डिंभ काचेसारखा पारदर्शक आणि फितीसारखा चपटा असतो. प्रवाहाबरोबर वाहत तो किनाऱ्याला लागतो आणि उधाणाच्या भरतीसोबत कांदळवनामागील उथळ डबक्यांत व खाचरांत शिरतो. मोठ्या माशांना तेथील कमी प्राणवायूच्या पाण्यात टिकता येत नाही. हवा गिळू शकणारे टार्पनचे पिल्लू मात्र सुखरूप राहते. या जागा म्हणजे त्याची रोपवाटिकाच होय. तेथे ते वर्षभर किंवा अधिक काळ वाढते आणि मगच खाडीकडे वळते.

याच जागी किनारी डासही वाढतात. फ्लोरिडातील खाजणांत एडिस टेनिओऱ्हिंकस या जातीच्या डासांचे प्रमाण अधिक आहे. या डासाची मादी उभ्या पाण्यावर अंडी घालत नाही. भरती ओसरल्यानंतर उरलेल्या ओलसर चिखलावर ती अंडी घालते. पुढील उधाणाचे किंवा पावसाचे पाणी चढले की सर्व अंडी एकाच वेळी उबतात आणि आठवडाभरात डासांचे ढग उठतात. हे डास मैलोन् मैल उडत जाऊन माणसे आणि जनावरे यांना हैराण करतात.

टार्पनच्या पिल्लांच्या आहारावर १९६० च्या सुमारास फ्लोरिडात झालेल्या अभ्यासांत त्यांच्या पोटात सूक्ष्म कवचधारी जीव आणि लहान मासे यांच्यासोबत डासांच्या अळ्याही आढळल्या. डासांच्या नैसर्गिक शत्रूंपैकी एक शत्रू त्याच डबक्यात वाढत होता.

डासांसाठी घातलेले बांध

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्लोरिडात किनारी डासांवर डीडीटीची मोठ्या प्रमाणावर फवारणी झाली. परंतु १९४० च्या दशकाच्या अखेरीस या डासांत डीडीटीविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळू लागली. पर्याय म्हणून डासाच्या अंडी घालण्याच्या सवयीवरच घाव घालण्याचे ठरले. चिखल उघडा पडला नाही तर मादीला अंडी घालता येणार नाहीत, हा त्यामागील साधा तर्क होता. त्यानुसार १९५० च्या दशकापासून पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर लगून या सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या खाजण-प्रदेशात मातीचे बांध घालून आतील भूभाग पाण्याखाली ठेवण्यात आला. कालांतराने असे बंदिस्त क्षेत्र सुमारे ४० हजार एकरांपर्यंत पोहोचले.

डास नियंत्रणाच्या दृष्टीने ही पद्धत यशस्वी ठरली. फवारणीची गरज घटली आणि किनारी वस्त्या राहण्याजोग्या झाल्या. या यशाचे मूल्य कमी लेखता येणार नाही. परंतु बांधाने भरती-ओहोटीचा संबंध तोडला. वर्षभर पाणी तुंबल्याने तिवराची वर आलेली श्वसनमुळे बुडाली आणि झाडे मेली. समुद्रातून येणाऱ्या पिल्लांना आत शिरण्याचा मार्ग उरला नाही. अशा एका खाजणात बांधापूर्वी माशांच्या १६ जाती नोंदविल्या गेल्या होत्या. बांधानंतर त्यांची संख्या पाचवर आली. होडीवर उभ्या असलेल्या मार्गदर्शकाला हे दिसण्याचा संभव नव्हता. ज्या वर्षी पिल्लांचा मार्ग बंद होतो, त्या वर्षी मोठे मासे नेहमीसारखेच येतात. तूट जाणवते ती दहा-बारा वर्षांनी.

बांध तोच, वेळापत्रक नवे

बांध फोडून टाकावेत, तर डास परत येणार. तसेच ठेवावेत, तर खाजण मरणार. या पेचातून हंगामी उघडझापीची पद्धत पुढे आली. बांधात ठिकठिकाणी झडपा असलेल्या मोठ्या नळ्या बसविण्यात आल्या. डासांच्या हंगामात, म्हणजे साधारण मे ते सप्टेंबर या काळात, झडपा बंद करून पंपाने पाणी भरले जाते. तेही चिखल झाकण्यापुरतेच, जेणेकरून तिवराची श्वसनमुळे पाण्याबाहेर राहतील. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत झडपा उघड्या ठेवल्या जातात. त्या किनाऱ्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्राची पातळी वर्षातील उच्चांकाला असते. त्यामुळे झडपा उघडताच भरतीचे पाणी दूरवर आत शिरते आणि त्याबरोबर पिल्लेही येतात.

ही पद्धत निर्दोष नाही. उन्हाळ्यात लवकर येणाऱ्या डिंभांना दार बंदच मिळते. तथापि वर्षभराच्या कुलपापेक्षा अर्ध्या वर्षाचे दार पुष्कळ बरे, हे अनुभवास आले आहे. तिवर पुन्हा रुजले आहे, माशांच्या जाती परतल्या आहेत आणि डासही आटोक्यात राहिले आहेत. हा बदल बांधाची रचना फार न बदलता, त्याच्या वापराचे वेळापत्रक बदलून साधला गेला, हे विशेष.

वरच्या शेतांचे पाणी

टार्पनच्या प्रौढपणाचा संबंध शेतीशी येतो तो फ्लोरिडा उपसागरात. ओकीचोबी सरोवराच्या दक्षिणेस एकेकाळी दलदल असलेल्या प्रदेशात कालवे काढून विस्तीर्ण ऊसशेती उभी राहिली. त्यामुळे दक्षिणेकडे वाहणारे गोडे पाणी अन्यत्र वळले आणि जे खाली गेले त्यात स्फुरदाचे प्रमाण वाढले. गोड्या पाण्याच्या तुटीमुळे उपसागराची क्षारता वाढते. कडक दुष्काळात ती समुद्राच्या पाण्याहूनही अधिक होते. १९८७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये तेथील सागरी गवत मोठ्या क्षेत्रावर मेले. गवत गेले की कोळंबी आणि खेकडे जातात आणि त्यांच्यामागे मासेही जातात.

१९९४ च्या एव्हरग्लेड्स कायद्यान्वये ऊस क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या स्फुरदात किमान २५ टक्के घट करणे बंधनकारक झाले. माती परीक्षणानुसार खत, पिकाच्या ओळीतच खत देणे, पावसानंतर पंपाने पाणी उपसण्यास थोडा विलंब लावणे आणि चरांतील गाळ अडविणे या साध्या उपायांनी शेतकऱ्यांनी हे उद्दिष्ट एकत्रितपणे साध्य केले. उर्वरित स्फुरद शोषून घेण्यासाठी पाणवनस्पतींची विस्तीर्ण कृत्रिम दलदल उभारण्यात आली आहे. गोड्या पाण्याचा जुना मार्ग पूर्ववत करण्याचे काम मात्र दीर्घकालीन असून ते अद्याप चालू आहे.

आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात

भारताच्या खाड्यांतही टार्पनची एक जात आढळते. मेगॅलॉप्स सायप्रिनॉइडिस ही हिंद-प्रशांत जात आकाराने बरीच लहान असून क्वचितच एक मीटर लांबी गाठते. तिची पिल्लेही भरतीसोबत खाडीत, कांदळवनात आणि गोड्या पाण्यापर्यंत शिरतात आणि तीही हवा गिळून जगतात. आपल्याकडे तिच्यासाठी सहली निघत नाहीत. परंतु जिताडा, बोई, कोळंबी यांसारख्या उपजीविकेच्या अनेक जातींचे बालपण अशाच जागांत जाते.

कोकणातील खारभूमीचे बांध आणि त्यांतील उघाड्या, तसेच गोव्याच्या खाजणांतील बांद आणि मानस ही भरतीचे पाणी हवे तेव्हा अडविणारी आणि हवे तेव्हा सोडणारी जुनी व्यवस्था आहे. केरळातील पोक्काळी शेतीत पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी घेतली जाते, तीही उघडझापीच्या वेळापत्रकावरच. फ्लोरिडाला जे काही दशकांनी उमगले, त्याची बीजे आपल्या किनाऱ्यावर पूर्वीपासून आहेत. मात्र जेथे उघाड्या नादुरुस्त आहेत किंवा बांध कायमचे बंद झाले आहेत, तेथे भातही खारवते आणि मासळीही घटते. अशा गावांत काम करताना पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

• उपायापूर्वी डासाची जात ओळखावी. फ्लोरिडातील एडिस चिखलावर अंडी घालतो, म्हणून पाणी भरण्याचा उपाय तेथे लागू पडला. आपल्या किनाऱ्यावर मचूळ पाण्यात वाढणारा क्युलेक्स सिटिएन्स उभ्या पाण्यावर अंड्यांचे तराफे सोडतो. तेथे पाणी तुंबविल्यास डास वाढतील. अशा ठिकाणी भरती-ओहोटी खेळती ठेवणे आणि अळीभक्षक माशांना वाट देणे हिताचे ठरते.

• डबक्यांवर तेल किंवा व्यापक परिणामाची कीटकनाशके टाकू नयेत, कारण त्यांनी अळ्यांबरोबर माशांची पिल्ले आणि कोळंबीही मरते. गरज भासल्यास आरोग्य विभागाच्या सल्ल्याने बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूवर आधारित अळीनाशकाला प्राधान्य द्यावे.

• उघाडीच्या वेळा भातशेतकरी आणि मच्छीमार यांनी एकत्र बसून ठरवाव्यात. पीक उभे असताना खारे पाणी रोखणे आवश्यकच आहे; कापणीनंतरच्या उधाणांना मात्र दार उघडे राहिल्यास मासळीला जागा मिळते.

• तिवर आणि कांदळ यांच्या मुळांभोवती भराव टाकू नये किंवा पाणी कायमचे तुंबवू नये. झाड उभे दिसत असले, तरी श्वसनमुळे बुडाल्यास ते काही महिन्यांत वाळते.

• खाडीच्या वरच्या बाजूस असलेल्या बागा आणि भातखाचरे यांत माती परीक्षणानुसारच खते द्यावीत आणि मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकणे टाळावे.

पर्यटनाच्या दृष्टीने पाहता, मार्गदर्शकासह मासेमारी भारतालाही अपरिचित नाही. कर्नाटकात कावेरीच्या काठावर महसीर पकडून सोडण्याच्या सहली अनेक वर्षे चालत होत्या आणि नदीची खडान्‌खडा माहिती असलेल्या स्थानिकांना त्यांतून मार्गदर्शकाचे काम मिळाले होते. संरक्षित वनक्षेत्रांतील नियमांमुळे त्या पुढे थांबल्या. कोकणात अशा सहलींचा विचार करावयाचा झाल्यास वन विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग आणि स्थानिक मच्छीमार संस्था यांच्या संमतीनेच तो व्हावा. होड्या आणि गळ यांची जुळवाजुळव त्यानंतरची बाब आहे. प्रथम गावाच्या मागील खाजणात या हंगामात पिल्ले आली किंवा नाही, याची नोंद सुरू करावी. एक बारीक जाळे, एक वही आणि उधाणाच्या तारखा एवढ्या साधनांवर कोणत्याही शेतकरी गटाला किंवा शाळेला ती ठेवता येते. प्रौढ मासळीची तूट जाणवण्याच्या कितीतरी वर्षे आधी ही वही सूचना देईल.